उद्यानाची कड

आमच्या वस्तीला लागून असलेल्या मोकळ्या जागेवर सार्वजनिक उद्यान होणार असे कळले, तेव्हा ज्यांना मनापासून आनंद झाला त्यांत मीही होते आणि तो आनंद अजून ओसरलेला नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण आराखडा जाहीर झाल्यापासून त्याविषयी शंका काढणारा प्रत्येक जण उद्यानाच्या विरोधात आहे, असा समज हळूहळू पसरू लागला आहे. माझ्या शेजारच्या आजींनी दिव्यांविषयी एक साधा प्रश्न विचारला, तर ‘तुम्हाला उद्यान नको आहे का?’ असा उलट प्रश्न त्यांना ऐकावा लागला. आजींना उद्यान हवे आहे. त्यांच्या खिडकीपासून सहा-सात पावलांवर जो उंच खांब दाखवला आहे, त्याचा उजेड रात्रभर त्यांच्या अंथरुणावर पडणार की नाही, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते.

आराखडा पाहायला मी दोनदा गेले. भिंतीवर भला मोठा रंगीत नकाशा लावला होता. मधोमध कारंजे, त्याभोवती गोलाकार फरसबंदी, तिला चहूकडून येऊन मिळणाऱ्या चार सरळ वाटा, फुलांचे ताटवे, एका बाजूला जाळीबंद खेळाचे मैदान आणि सगळ्याच्या भोवतीने चालण्याचा ट्रॅक. उंचावरून पाहिल्यासारखे काढलेले ते चित्र खरोखर सुरेख होते. मी मात्र जमलेल्या लोकांची बोटे पाहत होते. कारंज्यावर एकाचेही बोट गेले नाही. कोणी डावीकडच्या रेघेवर बोट ठेवून ‘हे आमचे दार’ असे सांगत होते, कोणी खालच्या कोपऱ्याकडे दाखवून ‘इथे पाणी तुंबते’ म्हणत होते, तर एक गृहस्थ मागच्या बाजूला बोट फिरवत ‘आम्ही रोज इथून आत शिरतो, तिथे तर फाटकच नाही’ असे पुन्हा पुन्हा सांगत होते. सगळी बोटे उद्यानाच्या कडेवर होती आणि नकाशात ती कड म्हणजे एकसारख्या जाडीची एक काळी रेघ होती.

त्या दिवसापासून माझ्या मनात एकच गोष्ट घोळते आहे. उद्यानाचा आराखडा मधोमध सुरू होतो आणि कडेला पोहोचेपर्यंत आखणाऱ्याचे लक्ष संपत आलेले असते. शेजाऱ्यांचे उद्यान मात्र कडेवर सुरू होते. कुंपण, फाटक, दिवा, आवाज, उतार, सावली, या साऱ्या गोष्टी कडेवर ठरतात, आणि म्हणून शेजाऱ्यांच्या हरकती किरकोळ वाटल्या, तरी त्या नेमक्या त्या जागेविषयी असतात जिथे आराखडा सर्वांत कमी विचाराने काढलेला असतो.

कडेचे महत्त्व मला पहिल्यांदा कळले ते अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या उदाहरणावरून. सतराव्या शतकात शहराचे संस्थापक विल्यम पेन यांच्यासाठी त्या शहराची आखणी झाली, तेव्हा मध्यवर्ती चौकापासून जवळपास सारख्याच अंतरावर चार चौक उद्यानांसाठी राखून ठेवले गेले. आकार आणि मूळ हेतू दोन्ही सारखे असूनही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्यांच्या वाट्याला अगदी निराळी दैवे आली होती. रिटनहाउस चौक दिवसभर माणसांनी भरलेला असे, तर लोगन चौक वाहनांच्या वर्तुळात अडकून पडला होता. १९६१ मध्ये शहरांविषयी लिहिणाऱ्या लेखिका जेन जेकब्स यांनी या चारही चौकांची तुलना करून जे कारण दाखवले, ते उद्यानांच्या आत नव्हतेच. रिटनहाउसभोवती घरे, कार्यालये, दुकाने, शिक्षणसंस्था अशी सरमिसळ होती, त्यामुळे दिवसाच्या वेगवेगळ्या प्रहरी वेगवेगळी माणसे वेगवेगळ्या कामांसाठी तिथून जात-येत. ज्या चौकाच्या भोवती एकाच प्रकारचे व्यवहार होते, तिथे ते व्यवहार बंद झाले की चौकही ओस पडत असे. उद्यान शेजाराला जिवंत करते हे आपण नेहमी ऐकतो. शेजार उद्यानाला जिवंत ठेवतो, हे त्याआधी लक्षात घ्यायला हवे.

आता कुंपणाकडे येते, कारण आमच्याकडे सर्वाधिक वाद त्यावरच आहे. आराखड्यात सभोवार साधारण पुरुषभर उंचीची पक्की भिंत आणि तिच्या आतून दाट झुडपांची रांग दाखवली आहे. वस्तीतील बऱ्याच जणांना ती हवीशी वाटते, कारण भिंत म्हणजे सुरक्षितता हे समीकरण आपल्या मनात पक्के बसलेले असते. मला त्यांची भीती खोटी वाटत नाही, पण त्या भीतीवरचा हा उपाय मला उलटा वाटतो. न्यूयॉर्कमधील ब्रायंट पार्कची १९३४ मध्ये पुनर्रचना झाली, तेव्हा ते रस्त्यापासून उंचावर घेऊन त्याभोवती लोखंडी कुंपण आणि झुडपांच्या रांगा उभारण्यात आल्या. गजबजाटापासून दूर अशी शांत जागा निर्माण करणे हा त्यामागचा सद्हेतू होता. परंतु रस्त्यावरून आतले काही दिसेना आणि आत गेलेल्याला चटकन बाहेर पडता येईना, त्यामुळे सर्वसामान्य माणसे तिथे जायची थांबली आणि १९७० च्या दशकात ती जागा अमली पदार्थांची विक्री करणाऱ्यांचा अड्डा म्हणून ओळखली जाऊ लागली. सार्वजनिक जागांचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी त्या जागेचे निरीक्षण करून सुचवलेले उपाय मुख्यतः कडेचेच होते: कुंपणे आणि झुडपे काढा, प्रवेशाच्या वाटा वाढवा आणि रुंद करा, रस्त्यावरून आत नजर पोहोचू द्या. पुनर्रचनेनंतर १९९२ मध्ये ते उद्यान पुन्हा खुले झाले आणि आज ते त्या शहरातील सर्वाधिक वर्दळीच्या उद्यानांपैकी एक आहे. अर्थात नुसत्या कुंपणामुळे हे घडले असे म्हणणे चुकीचे ठरेल, कारण नियमित देखभाल, स्वच्छतागृहे आणि हव्या तिथे हलवता येणाऱ्या खुर्च्या यांचाही त्यात मोठा वाटा आहे. तरीही ज्या भिंतीने आपल्याला सुरक्षित वाटते, तीच भिंत आत एकट्या पडलेल्या माणसाला जगाच्या नजरेआड करते, हे विसरून चालणार नाही.

संध्याकाळी एकटी चालायला जाणारी बाई म्हणून मी हे ठामपणे सांगू शकते. मला भिंतीच्या आतला निवांतपणा नको आहे. समोरच्या गॅलरीत उभ्या असलेल्या माणसाला मी दिसावे आणि मला तो दिसावा, एवढे मला पुरेसे आहे. म्हणून मी माझ्या लेखी सूचनेत कमरेएवढी भिंत आणि तिच्यावर आरपार दिसणारी जाळी असे सुचवले आहे. झुडपे हवी असतील तर ती गुडघ्याच्या उंचीची असावीत आणि झाडांच्या फांद्या डोक्याच्या वरपर्यंत छाटलेल्या असाव्यात, म्हणजे मधला पट्टा नजरेसाठी मोकळा राहील. लहान मुले धावत रस्त्यावर जातील ही काळजी योग्यच आहे, पण तिच्यासाठी फाटकाजवळ आडवा कठडा आणि खेळण्याच्या भागाला स्वतंत्र कमी उंचीचे कुंपण पुरते.

फाटकांच्या बाबतीत मला त्या मागच्या बाजूच्या गृहस्थांचे म्हणणे पूर्ण पटले. आराखड्यात दोनच फाटके आहेत आणि दोन्ही मुख्य रस्त्यावर आहेत. पण त्या मोकळ्या जागेत आज एक तिरकी पायवाट आहे, ती कोणी आखलेली नाही. शाळेत जाणारी मुले, कामावर जाणारी माणसे आणि सकाळी फिरायला निघालेले वृद्ध वर्षानुवर्षे त्याच वाटेने गेले, म्हणून तिथे गवत उगवत नाही. माणसे कुठून येतात, कुठे जातात आणि कोणता उतार टाळतात, याची पाहणी करायला एखाद्या संस्थेला महिने लागतील. ती पाहणी या पायवाटेच्या रूपाने जमिनीवर आधीच उमटलेली आहे. नव्या आराखड्यात तिच्यावर फुलांचा ताटवा येतो. तो ताटवा टिकणार नाही, हे सांगायला मोठ्या अभ्यासाची गरज नाही. माणसे त्यातून जातील, मग तिथे तारेचे कुंपण लागेल, मग ते कोणीतरी वाकवेल, आणि मग वस्तीतले लोक बेशिस्त आहेत असे म्हटले जाईल. त्याऐवजी तीच वाट रुंद आणि पक्की केली आणि तिच्या दोन्ही टोकांना फाटके ठेवली, तर उद्यानातून दिवसभर सहज ये-जा होत राहील, आणि ही ये-जा हीच उद्यानाची सर्वांत चांगली राखण असते.

फाटक कसे असावे हाही प्रश्न आहे. दुचाकी आत येऊ नयेत म्हणून फाटकात फिरता आडवा दांडा किंवा वळणावळणाची अरुंद वाट ठेवण्याची कल्पना मांडली गेली आहे. दुचाकींचा त्रास खरा आहे, मात्र त्या दांड्यापाशी व्हीलचेअर अडते, बाबागाडी अडते, काठी घेऊन चालणारा माणूस अडखळतो आणि दुचाकीवाला पुष्कळदा ती कशीबशी तिरकी करून आत नेतोच. व्हीलचेअर सुखाने आत जाण्यासाठी किमान ९०० मिलिमीटरची मोकळी जागा लागते, ती जागेवर वळवायला १,५०० मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ लागते आणि रॅम्पचा चढ १२ भाग लांबीला १ भाग उंची यापेक्षा तीव्र असू नये, हे आता जगभर मान्य झालेले संकेत आहेत. आमच्या आराखड्यात एका फाटकाला तीन पायऱ्या आहेत आणि रॅम्प दुसऱ्या फाटकाला आहे. म्हणजे ज्याला चालणे सर्वांत कठीण, त्यालाच सर्वांत लांबचा वळसा घालावा लागणार. ही चूक कागदावर पुसून टाकायला दोन मिनिटे पुरतात. काँक्रीट ओतल्यावर ती वर्षानुवर्षे राहते.

दिव्यांचा प्रश्न मला सर्वांत नाजूक वाटतो, कारण त्यात दोन न्याय्य मागण्या समोरासमोर उभ्या आहेत. ज्यांना रात्री उद्यानातून जायचे आहे त्यांना भरपूर उजेड हवा आहे, तर ज्यांच्या खिडक्या कडेला आहेत त्यांना झोप हवी आहे. मला वाटते, हा तंटा मुख्यतः ‘भरपूर उजेड’ या शब्दामुळे निर्माण झाला आहे. उंच खांबावरचा झगझगीत दिवा आपल्या खाली प्रखर वर्तुळ पाडतो आणि त्या वर्तुळाबाहेरचा अंधार अधिक गडद करतो. माणसाचा डोळा उजेडातून अंधारात गेल्यावर पूर्ण रुळायला २० ते ३० मिनिटे घेतो, त्यामुळे प्रखर दिव्याखालून पुढे गेलेल्या माणसाला झाडामागे कोण उभे आहे ते दिसत नाही, आणि झाडामागे उभा असलेल्याला मात्र उजेडातला माणूस स्पष्ट दिसतो. सुरक्षिततेसाठी हवा असतो तो एकसारखा पसरलेला, मंद आणि डोळ्यांवर न येणारा उजेड, समोरून येणाऱ्याचा चेहरा काही पावले आधीच ओळखू येईल असा. असा उजेड कमी उंचीच्या, जवळजवळ लावलेल्या आणि वरून व मागून झाकलेल्या दिव्यांनी मिळतो. रंगाचे तापमान ३,००० केल्विन किंवा त्याहून कमी ठेवले, तर उजेड पिवळसर राहतो, त्यातला निळा अंश कमी होतो आणि कीटकही कमी ओढले जातात. मागून झाकलेला दिवा आजींच्या खिडकीत जाणार नाही आणि वाटेवर मात्र पडेल. ज्या दोन मागण्या एकमेकींच्या विरोधात वाटत होत्या, त्या दिव्याच्या एका झाकणाने बऱ्याच अंशी जुळू शकतात, हे लक्षात आल्यावर मला फार बरे वाटले.

जाळीबंद मैदानाविषयी आमच्यात अजून एकमत नाही. ते आराखड्यात एका इमारतीच्या भिंतीपासून जेमतेम १० मीटरवर आहे. चेंडू जाळीवर आदळण्याचा आवाज अचानक, कर्कश आणि अनियमित असतो, म्हणून तो रस्त्याच्या सततच्या घरघरीपेक्षा जास्त त्रास देतो. तिथल्या रहिवाशांनी मध्ये दाट झुडपे लावण्याची मागणी केली आहे. पण झुडपांच्या एखाद्या रांगेने आवाज फारसा अडत नाही. फक्त आवाजाचे उगमस्थान दिसेनासे होते. खरा उपाय अंतर हाच आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, म्हणजे मैदान १० मीटरवरून ४० मीटरवर नेले तर सुमारे १२ डेसिबलचा फरक पडेल, आणि १० डेसिबलची घट कानाला आवाज जवळपास निम्मा झाल्यासारखी जाणवते. तेवढी जागा रस्त्याच्या बाजूला आहे. तिथे आज वाहनतळ दाखवला आहे. वाहनतळ इमारतीकडे आणि मैदान रस्त्याकडे, अशी अदलाबदल करता येईल का, हे आम्ही विचारले आहे. गाड्यांच्या दारांचाही आवाज असतोच, म्हणून वाहनतळ लहान ठेवावा असेही म्हटले आहे, कारण हे उद्यान मुळात पायी येणाऱ्यांचे आहे.

मैदान कुणासाठी, हा प्रश्न मात्र सभेत कोणीच विचारला नाही, म्हणून मी तो इथे जरा सविस्तर मांडते. व्हिएन्ना शहरात १९९० च्या दशकात झालेल्या पाहणीतून असे दिसून आले, की साधारण नऊ-दहा वर्षांच्या वयानंतर मुली सार्वजनिक उद्यानांतून कमी होत जातात, मुलगे मात्र तसेच राहतात. मोठ्या, एकसंध, जाळीबंद मैदानावर एका गटाने ताबा घेतला, की दुसऱ्याला तिथे जागा मागावी लागते, आणि मुली बहुधा भांडत बसण्याऐवजी निघून जात. १९९९ पासून त्या शहराने दोन उद्यानांत बदल करून पाहिले: मोठी जागा लहान भागांत विभागली, व्हॉलीबॉल आणि बॅडमिंटनसारख्या खेळांना स्थान दिले, मैदानाला एकाऐवजी अधिक प्रवेश ठेवले, पायवाटांवरचा उजेड सुधारला आणि घोळक्याने बसून बोलता येईल अशा जागा केल्या. मुली परत आल्या. पाटी लावून किंवा वेळ राखून ठेवून हे साधले नसते. ते साधले जागेच्या आकाराने. आमच्या मैदानाला एकच दार आहे. मला माझ्या भाचीचे वय आठवते आणि त्या एका दाराची काळजी वाटते.

पाण्याचा प्रश्न सांगायला सोपा आणि दुर्लक्षित करायला त्याहून सोपा आहे. १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला, तर १ लिटर पाणी होते. आराखड्यातील फरसबंदी, वाहनतळ आणि ट्रॅक यांची बेरीज मी केली तेव्हा ती १,००० चौरस मीटरच्या आसपास आली. एखाद्या दिवशी ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर त्या कठीण पृष्ठभागावर ५०,००० लिटर पाणी पडेल. आज त्यातला बराच भाग माती शोषते. उद्या ते पाणी उताराने खालच्या कोपऱ्याकडे जाईल, जिथे आधीच पाणी तुंबते आणि जिथे लोकांची तळमजल्यावरची घरे आहेत. त्या कोपऱ्यातल्या माणसाने नुसते ‘इथे पाणी तुंबते’ म्हटले, तर त्याला निचऱ्याची व्यवस्था होईल असे मोघम उत्तर मिळते. ५०,००० लिटरचा हिशेब मांडून हे पाणी कुठे जाणार असे विचारले, की आराखड्यावर उतार आणि पाणी जिरवण्याचे खोलगट भाग दाखवावे लागतात. वाटा पाणी झिरपू देणाऱ्या असाव्यात आणि कारंज्याच्या जागी पाऊस जिरवणारा, गवताचा, उथळ खोलगट भाग असावा, असे मी सुचवले आहे. कारंजे बंद पडले की त्यात पाणी साचते, आणि उष्ण हवेत साचलेल्या पाण्यात डासाचे अंड्यापासून पूर्ण वाढ होईपर्यंतचे चक्र आठ-दहा दिवसांतही पुरे होते.

जुन्या झाडांविषयी बोलताना माझा आवाज सभेत जरा चढला, हे मी मान्य करते. जागेच्या कडेने चार मोठी झाडे आहेत आणि आराखड्यात ती ‘राखलेली झाडे’ म्हणून हिरव्या वर्तुळांनी दाखवली आहेत. पण चालण्याचा ट्रॅक त्या वर्तुळांच्या आतून जातो आणि त्यासाठी सुमारे दीड फूट खोदकाम होणार आहे. झाडाची बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या ६० सेंटिमीटरच्या थरात असतात आणि ती फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे पसरलेली असतात. बांधकामाच्या वेळी झाडे वाचवण्यासाठी ब्रिटनमध्ये जे मानक वापरले जाते, त्यात खोडाच्या व्यासाच्या बारा पट त्रिज्येचे वर्तुळ संरक्षित धरले जाते. आमच्या सर्वांत मोठ्या झाडाचे खोड ६० सेंटिमीटरचे आहे, म्हणजे त्याच्याभोवती ७.२ मीटरपर्यंत खोदकाम होता कामा नये. ट्रॅक खोडापासून दोन मीटरवर आहे. मुळे तुटलेले झाड त्याच वर्षी पडत नाही. ते चार-पाच वर्षे हळूहळू शेंड्याकडून वाळत जाते, आणि तोपर्यंत ठेकेदाराचे काम संपलेले असते व झाड रोगाने गेले अशी नोंद होते. नवी रोपे लावून ही भरपाई होत नाही. ज्या सावलीत आज माणसे बसतात, ती सावली नव्या रोपाखाली मिळायला एक पिढी जावी लागते. ट्रॅक आत सरकवा, किंवा त्या टप्प्यात न खोदता जमिनीच्या वर बांधा.

स्वच्छतागृह आराखड्यात आहे, फक्त ते सर्वांत दूरच्या अंधाऱ्या कोपऱ्यात आहे. ते फाटकाजवळ यावे, एवढेच म्हणणे आहे. माळी किती असतील आणि तुटलेला झोका किती दिवसांत दुरुस्त होईल, याचे उत्तर लेखी मागितले आहे.

शेजाऱ्यांची प्रत्येक मागणी मला पटते असे मात्र नाही, आणि ते इथे लिहिले नाही तर माझे लिखाण एकांगी होईल. ‘बाक कमी करा, म्हणजे रिकामटेकडे बसणार नाहीत’ अशी एक मागणी पुढे आली आहे आणि बाहेरच्या लोकांना येऊ देऊ नये अशी दुसरी, दबक्या आवाजात केलेली. व्हाइट यांनी १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या छोट्या चौकांचे तासन्‌तास चित्रीकरण करून जो निष्कर्ष काढला, तो ऐकायला अगदी साधा आहे: जिथे बसायला जागा असते तिथे माणसे बसतात, आणि जिथे पुष्कळ माणसे बसतात ती जागा सुरक्षित राहते. नको असलेल्यांना दूर ठेवण्यासाठी बसण्याची सोय काढून टाकली, की आधी निघून जातात ते म्हातारे, गरोदर बायका आणि मुलांना घेऊन आलेले आईबाप. नको असलेले लोक उभे राहायला तयार असतात. आणि ‘बाहेरचे’ म्हणजे कोण? उद्यान सार्वजनिक आहे. ज्या कामगाराला दुपारी अर्धा तास सावलीत पाठ टेकायची आहे, त्याचा त्या बाकावर माझ्याइतकाच हक्क आहे. बाकाला पाठ आणि हात असावेत, ते सावलीत असावेत आणि काही बाक समोरासमोर असावेत, अशी माझी सूचना आहे, आणि यावरून माझ्या दोन शेजाऱ्यांशी माझे सध्या बोलणे थोडे कमी झाले आहे. त्याचे वाईट वाटते, पण सूचना मागे घेणार नाही.

हरकती घेण्याची पद्धतच अशी आहे की तिच्यातून तक्रारी जमा होतात, माहिती जमा होत नाही. आराखडा पूर्ण तयार झाल्यावर तो भिंतीवर लावायचा, काही दिवसांची मुदत द्यायची, एका वहीत चार ओळी लिहून घ्यायच्या आणि मग अंमलबजावणी सुरू करायची. लोकसहभागाच्या अमेरिकी अभ्यासक शेरी आर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली, त्यात नुसते मत विचारणे ही चौथी पायरी आहे आणि विचारलेल्या मताचे पुढे काय होणार याची हमी नसेल तर तो सहभाग दिखाऊच राहतो, असे त्यांनी स्पष्ट म्हटले आहे. याउलट अ‍ॅमस्टरडॅममध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर आल्डो व्हॅन आइक या तरुण वास्तुशिल्पज्ञाने १९४७ मध्ये एका चौकात वाळूचा हौद, लोखंडी कमानी आणि बाक असे साधे क्रीडांगण केले. ते पाहून इतर वस्त्यांतील रहिवाशांनी आपल्याकडेही तसे हवे म्हणून पत्रे लिहिली, आपल्या शेजारातील पडीक जागा दाखवून दिल्या, आणि पुढच्या तीस वर्षांत तिथे ७०० हून अधिक क्रीडांगणे उभी राहिली. जागा कोणती हे सांगणारे रहिवासी होते आणि ती कशी करायची हे ठरवणारा जाणकार होता. दोघांनी आपापले काम केले. मला आमच्या उद्यानासाठी नेमके एवढेच हवे आहे. नकाशा मी काढावा अशी माझी अजिबात इच्छा नाही, मला ते जमणारही नाही.

पुढच्या सुनावणीला अजून बारा दिवस आहेत. आमच्यापैकी सात जणांनी कामे वाटून घेतली आहेत. दोघे सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते सात या वेळांत त्या तिरक्या पायवाटेने किती माणसे जातात ते मोजत आहेत. एक जण चारही झाडांच्या खोडांची मापे घेऊन ती वर्तुळे नकाशाच्या प्रतीवर लाल शाईने काढतो आहे. कोपऱ्यातल्या तळमजल्यावर राहणाऱ्या ताईंनी गेल्या पावसात काढलेली, उंबऱ्यापर्यंत आलेल्या पाण्याची छायाचित्रे तारखांसह जमवली आहेत. भाची आणि तिच्या तीन मैत्रिणींना मी कोरा कागद देऊन त्यांना कुठे बसायला, कुठे खेळायला आणि कुठून आत यायला आवडेल ते काढायला सांगितले. चौघींनी वेगवेगळी चित्रे काढली, पण मैदानाला चौघींनीही दोन-दोन दारे दाखवली आहेत. आजींनी आपल्या खिडकीपासून प्रस्तावित खांबापर्यंतचे अंतर सुतळीने मोजून घेतले आणि त्या सुतळीला गाठ मारून ती माझ्याकडे दिली आहे. ती मी फाइलमध्ये नकाशाच्या प्रतीबरोबर ठेवली आहे.